सोपे तिकीट की अवघड सामने? न्यूझीलंडच्या कुमार फुटबॉलपुढील महासंघबदलाचा प्रश्न

क्रीडा प्रतिनिधी

६ ऑक्टोबर २०१७ ची संध्याकाळ. भारतात प्रथमच भरलेल्या १७ वर्षांखालील विश्वचषक फुटबॉल स्पर्धेचा नवी मुंबईतील पहिला सामना नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर न्यूझीलंड आणि तुर्कस्तान यांच्यात झाला. तुर्कस्तानने पूर्वार्धात आघाडी घेतली, उत्तरार्धात मॅक्स माटाने ती फेडली आणि सामना १-१ असा बरोबरीत सुटला. न्यूझीलंड म्हटले की आपल्याकडील प्रेक्षकांना क्रिकेट आठवते, फार तर रग्बी. तुर्कस्तानसारख्या फुटबॉलवेड्या देशाला या मुलांनी रोखले, याचे त्या दिवशी अनेकांना साहजिकच नवल वाटले.

नवल वाटावे अशी आणखी एक गोष्ट मात्र फारशी कुणाच्या लक्षात आली नाही. न्यूझीलंडचा शेजारी, लोकसंख्येने कितीतरी पट मोठा आणि फुटबॉलमध्ये त्याहून कितीतरी अनुभवी असलेला ऑस्ट्रेलिया त्या स्पर्धेत नव्हताच. त्याचा निकाल वर्षभर आधी गोव्यात लागला होता. सप्टेंबर २०१६ मध्ये फातोर्डा आणि बांबोळी येथील मैदानांवर आशियाई १६ वर्षांखालील अजिंक्यपद स्पर्धा रंगली. तिच्यातून पहिले चार संघ विश्वचषकाला जाणार होते. जपान, व्हिएतनाम आणि किरगिझस्तान यांच्या गटात सापडलेला ऑस्ट्रेलिया गटसाखळीतच गारद झाला. न्यूझीलंडने मात्र ताहितीतील ओशनिया स्पर्धेच्या अंतिम सामन्यात न्यू कॅलेडोनियाला ७-० असे हरवून भारताचा रस्ता धरला. हरलेल्या न्यू कॅलेडोनियालाही विश्वचषकात जागा मिळाली, कारण ओशनियाच्या वाट्याला दोन जागा होत्या.

ताहितीतून आलेला संघ नेरूळला खेळला आणि गोव्यात हरलेला संघ घरी बसला. २००६ पूर्वी हे दोन्ही देश एकाच महासंघात होते. ऑस्ट्रेलिया त्यातून बाहेर पडला, न्यूझीलंड मागे राहिला. तेव्हापासून न्यूझीलंडमध्ये एक प्रश्न अधूनमधून उफाळून येतो: आपणही आशियात जावे काय? या मागणीचे समर्थन पूर्वी वरिष्ठ संघाच्या विश्वचषक प्रवेशावरून केले जाई. पुढे तिला कुमार आणि युवा खेळाडूंच्या जडणघडणीची जोड मिळाली. दुबळ्या बेटांशी खेळून मुले घडत नाहीत, त्यांना जपान, कोरिया, इराणच्या तोलाचे प्रतिस्पर्धी हवेत, असा हा युक्तिवाद आहे. ऐकताक्षणी पटावा असाच तो आहे. पण ऑस्ट्रेलियाच्या वीस वर्षांचा हिशेब मांडला की तो तितकासा सरळ राहत नाही.

महासंघ बदलतो कसा?

जागतिक फुटबॉल संघटनेच्या, म्हणजेच 'फिफा'च्या छत्राखाली सहा प्रादेशिक महासंघ आहेत. आशियाई महासंघात ४७ संघटना आहेत, तर ओशनिया महासंघातील फिफाचे सदस्य असलेले देश अवघे ११. कोणत्याही देशाने आपल्या भौगोलिक प्रदेशाच्या महासंघात असावे हा सर्वसाधारण नियम आहे. अपवादात्मक परिस्थितीत दुसऱ्या खंडाच्या महासंघात जाण्यास फिफा परवानगी देऊ शकते. त्यासाठी नव्या महासंघाने दार उघडावे लागते आणि जुन्या महासंघाचे मतही विचारात घेतले जाते. एकट्या देशाच्या इच्छेवर हे अवलंबून नसते, हे महासंघबदलाच्या चर्चेत पुष्कळदा विसरले जाते.

असे बदल विरळाच झाले आहेत. इस्रायलला १९७४ मध्ये आशियाई महासंघातून काढण्यात आले. मधल्या काळात विश्वचषकाची पात्रता तो ओशनियातूनही खेळला आणि १९९४ मध्ये युरोपचा पूर्ण सदस्य झाला. त्या स्थलांतराची कारणे राजकीय होती. कझाकस्तान २००२ मध्ये स्वखुशीने आशियातून युरोपात गेला. त्याच्याकडे पुढे वळू. ऑस्ट्रेलिया १ जानेवारी २००६ पासून आशियाचा झाला.

ऑस्ट्रेलियाच्या जाण्यामागे युवा खेळाडूंचा विचार मुख्य नव्हता, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. ओशनियातील सामन्यांची अवस्था काय होती, ते ११ एप्रिल २००१ रोजी कॉफ्स हार्बर येथे जगाला दिसले. विश्वचषक पात्रतेच्या त्या सामन्यात ऑस्ट्रेलियाने अमेरिकन सामोआचा ३१-० असा धुव्वा उडवला आणि एकट्या आर्ची थॉम्प्सनने १३ गोल केले. अशा विजयांनंतरही विश्वचषकाचे दार उघडत नसे, कारण ओशनियाच्या विजेत्याला दुसऱ्या खंडातील संघाशी निर्णायक लढत द्यावी लागे. त्या लढतींत ऑस्ट्रेलिया १९९३ मध्ये अर्जेंटिनाकडून, १९९७ मध्ये इराणकडून आणि २००१ मध्ये उरुग्वेकडून अडवला गेला. ओशनियाला एक थेट जागा देण्याचे फिफाने २००२ च्या अखेरीस मान्य केले आणि पुढच्याच वर्षी तो निर्णय फिरवला. त्यानंतर ऑस्ट्रेलियाचे मन ओशनियात रमणे कठीणच होते. २००५ मध्ये आशियाई महासंघाने आणि पाठोपाठ फिफाने संमती दिली. गंमत अशी की निरोपाच्या त्याच वर्षी, १६ नोव्हेंबर रोजी, सिडनीत उरुग्वेला पेनल्टी शूटआउटवर हरवून ऑस्ट्रेलिया ओशनियातूनच विश्वचषकाला पात्र ठरला.

वरिष्ठ संघाच्या बाबतीत निर्णय फळला, यात वाद नाही. २०१० पासून २०२६ पर्यंतच्या प्रत्येक विश्वचषकासाठी ऑस्ट्रेलिया आशियातून पात्र ठरला. २०१५ मध्ये सिडनीत दक्षिण कोरियाला हरवून त्याने आशिया चषक जिंकला. वेस्टर्न सिडनी वाँडरर्सने २०१४ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीग पटकावली. हे सारे ओशनियात राहून झाले नसते.

कुमारांचा ताळेबंद

आता खालच्या वयोगटांकडे वळू. १९९१ ते २००५ या काळात २० वर्षांखालील विश्वचषकाच्या आठ स्पर्धा झाल्या आणि त्या आठही स्पर्धांत ऑस्ट्रेलिया खेळला. १९९१ आणि १९९३ मध्ये तर त्याने चौथे स्थान मिळवले. १९९९ मध्ये न्यूझीलंडमध्ये झालेल्या १७ वर्षांखालील स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ब्राझीलला गाठून ऑस्ट्रेलिया पेनल्टी शूटआउटपर्यंत लढला. मार्क व्हिडुका, हॅरी क्युएल ही नावे याच काळातील युवा संघांतून पुढे आली. ज्या ओशनियाला आपण दुबळा म्हणतो, त्याच ओशनियाच्या वाटेने ही मुले जागतिक मैदानात उतरली होती.

आशियातील पहिला अनुभव कटू होता आणि तो भारताच्याच भूमीवर आला. २००६ मधील आशियाई युवा अजिंक्यपद स्पर्धा कोलकाता आणि बेंगळुरू येथे झाली. उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण कोरियाने ऑस्ट्रेलियाला हरवले आणि २००७ च्या कॅनडातील विश्वचषकाची वाट बंद झाली. त्याच विश्वचषकात न्यूझीलंडचा २० वर्षांखालील संघ इतिहासात प्रथमच खेळला. मोठा भाऊ घर सोडून गेल्यावर धाकट्याला खोली मिळावी, तसा हा प्रकार होता.

२००७ ते २०२५ या काळात दोन्ही वयोगटांच्या प्रत्येकी नऊ विश्वचषक स्पर्धा झाल्या, २०२१ च्या स्पर्धा करोनामुळे रद्द झाल्या. २० वर्षांखालील नऊपैकी चार स्पर्धांत ऑस्ट्रेलिया खेळला. १७ वर्षांखालील नऊपैकी तीन स्पर्धांत, म्हणजे २०११, २०१५ आणि २०१९ मध्ये. न्यूझीलंड २० वर्षांखालील आठ आणि १७ वर्षांखालील सर्व नऊ स्पर्धांत होता. ऑलिम्पिकमधील पुरुषांचा फुटबॉल हा मुख्यतः २३ वर्षांखालील खेळाडूंचा असतो. तेथे २००८ ते २०२४ या पाच ऑलिम्पिकपैकी न्यूझीलंड चार वेळा उतरला, ऑस्ट्रेलिया दोन वेळा. न्यूझीलंडची चुकलेली एकमेव वारी २०१६ ची. अपात्र खेळाडू उतरवल्यामुळे तो स्वतःच्याच चुकीने बाद झाला आणि रिओला फिजी गेले. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकसाठीच्या आशियाई पात्रता स्पर्धेत ऑस्ट्रेलियाच्या तरुणांना तीन सामन्यांत एकही गोल करता आला नाही.

मुलींचे चित्र याहून बोलके आहे. १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक २००८ मध्ये सुरू झाला. २००८ ते २०२५ या काळात ऑस्ट्रेलियाच्या मुली त्यात एकदाही पोहोचल्या नाहीत, कारण जपान, उत्तर कोरिया, दक्षिण कोरिया आणि चीन यांनी आशियाच्या जागा जणू वाटून घेतल्या आहेत. वरिष्ठ महिला फुटबॉलमध्ये ऑस्ट्रेलिया जगातील बलाढ्य संघांपैकी एक आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या रिकाम्या रकान्याचे गांभीर्य कळते. न्यूझीलंडच्या मुलींनी मात्र २०१८ मध्ये उरुग्वेतील स्पर्धेत तिसरे स्थान मिळवले.

या आकड्यांवरून थेट निष्कर्ष काढण्याचा मोह आवरायला हवा. ऑस्ट्रेलियाच्या युवा फुटबॉलची घसरण केवळ आशियामुळे झाली असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्टमधील फुटबॉल प्रशिक्षण केंद्र १९८० च्या दशकाच्या आरंभापासून चालत आले होते. देशभरातील निवडक मुले तेथे निवासी राहून वर्षभर सराव करीत. ते केंद्र २०१७ मध्ये बंद झाले. क्लबांच्या युवा संघांची राष्ट्रीय लीगही पुढे खंडित झाली. जी यंत्रणा मुले घडवीत होती तीच मोडत गेली आणि नेमक्या त्याच काळात प्रतिस्पर्धी अवघड झाले. आशियात जाण्याने हे दुखणे निर्माण केले नाही, मात्र ते उघडे पाडले. आणि ते बरे करण्याची ताकदही त्या बदलात नव्हती.

दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. फेब्रुवारी-मार्च २०२५ मध्ये चीनमध्ये झालेल्या २० वर्षांखालील आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात सौदी अरेबियाला पेनल्टी शूटआउटवर हरवून ऑस्ट्रेलियाने हे विजेतेपद प्रथमच मिळवले. आशियात आल्यानंतर १९ वर्षांनी आलेले हे यश होते. अवघड सामन्यांनी मुले कणखर होतात, असे म्हणणाऱ्यांना हा पुरावा पुरेसा वाटेल. पण १९ वर्षे म्हणजे १७ वर्षांखालील खेळाडूंच्या किती तुकड्या आल्या आणि गेल्या, हेही मोजावे लागेल. धोरण ठरवणाऱ्यांना थांबायला वेळ असतो. सोळा वर्षांच्या मुलाला ते सोळावे वर्ष एकदाच मिळते.

तीन सामन्यांची किंमत

जागतिक स्पर्धेत गटातील तीन सामने खेळून परतणे, याला न्यूझीलंडसारख्या देशात इतके महत्त्व का, असे कुणी विचारील. उत्तर भूगोलात आहे. युरोपातील क्लबांचे निरीक्षक ऑकलंड किंवा वेलिंग्टनच्या शालेय मैदानांवर सहसा फिरकत नाहीत. ते विश्वचषकाला येतात. न्यूझीलंडच्या मुलासाठी ते तीन सामने म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या जगापुढे उभे राहण्याची जवळजवळ एकमेव संधी असते.

याचे भारतीय वाचकांना जवळचे वाटावे असे उदाहरण सरप्रीत सिंगचे आहे. ऑकलंडमध्ये पंजाबी कुटुंबात जन्मलेला हा मुलगा २०१५ मध्ये चिलीतील १७ वर्षांखालील विश्वचषकात खेळला, नंतर २० वर्षांखालील विश्वचषकातही. पोलंडमधील २०१९ च्या स्पर्धेत न्यूझीलंडने होंडुरासला ५-० आणि नॉर्वेला २-० असे हरवले व बाद फेरीत कोलंबियाला पेनल्टी शूटआउटपर्यंत झुंजवले. त्यानंतर काही आठवड्यांतच बायर्न म्युनिकने सरप्रीतला करारबद्ध केले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो बुंडेसलिगात उतरला. त्याच संघातील लिबेराटो काकाचे पुढच्या वर्षी बेल्जियमच्या क्लबात दाखल झाला. वेलिंग्टन फिनिक्ससाठी दोघांनीही चांगला खेळ केला होता, हे खरे. पण जर्मनीतून वेलिंग्टन दिसण्यासाठी मध्ये पोलंड यावे लागले.

आशियातून पात्रता खेळावी लागली असती तर ही मुले तेथे पोहोचली असती काय? २० वर्षांखालील विश्वचषकाच्या आशियाला मिळणाऱ्या जागा चार. म्हणजे सारा निकाल उपांत्यपूर्व फेरीच्या एका सामन्यावर येतो. ऑस्ट्रेलिया २००६, २०१८ आणि २०२३ मध्ये याच उंबरठ्यावर अडला. आशियाई स्पर्धेतही अवघड सामने मिळतातच, तेव्हा विश्वचषक हुकला तरी बिघडले काय, असा प्रतिवाद केला जातो. तो पूर्णतः चुकीचा नाही. पण गटातील तीन सामन्यांनंतर बाहेर पडलेल्या संघाला आशियातही तीनच सामने मिळतात, आणि ते पाहायला विश्वचषकाइतकी गर्दी नसते.

दुबळ्या शेजाऱ्यांचा तोटा

इतके असूनही, आशियात जाण्याच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा न्यूझीलंडच्या स्वतःच्या निकालांतच दडलेला आहे. १७ वर्षांखालील संघ २००९ मध्ये प्रथमच बाद फेरीत गेला आणि नायजेरियाकडून ०-५ असा हरला. २०११ मध्ये पुन्हा बाद फेरी, आणि जपानकडून ०-६. २०१७ मध्ये २० वर्षांखालील संघ बाद फेरीत अमेरिकेकडून ०-६. हे आकडे योगायोगाचे नाहीत. ओशनियातील सामन्यांत न्यूझीलंडचे बचावपटू बहुतांश वेळ मध्यरेषेच्या पुढे उभे असतात. चेंडू हिरावून घेतला गेल्यावर तीस यार्ड मागे धावत जागा बंद करायची, दबावाखाली स्वतःच्या गोलक्षेत्रातून चेंडू बाहेर काढायचा, एका गोलाची आघाडी वीस मिनिटे टिकवायची, या गोष्टी ७-० च्या सामन्यात शिकता येत नाहीत. प्रशिक्षक त्या फळ्यावर काढून दाखवू शकतो, एवढेच. विश्वचषकात त्यांची परीक्षा होते, आणि अभ्यास न झालेल्या विषयाची परीक्षा जशी जाते तशी ती जाते.

मात्र ओशनियाला सरसकट दुबळा म्हणणेही खरे नाही. २००९ मध्ये २० वर्षांखालील विश्वचषकाला न्यूझीलंडऐवजी ताहिती गेला होता. इजिप्तमध्ये त्याची दैना झाली, पण पात्र तोच ठरला होता. २०१२ मध्ये न्यू कॅलेडोनियाने होनियारा येथे न्यूझीलंडच्या वरिष्ठ संघाला हरवले. फिजीच्या मुलांनी २०१५ मध्ये होंडुरासला ३-० ने नमवले. २०१७ च्या २० वर्षांखालील विश्वचषकात वानुआतू हा चिमुकला देश मेक्सिको आणि जर्मनी या दोघांशीही अवघ्या २-३ अशा फरकाने हरला. भारतातील स्पर्धेत न्यू कॅलेडोनियाने जपानला १-१ असे रोखले होते, आणि हाच जपान वर्षभर आधी गोव्यात ऑस्ट्रेलियाच्या गटात अव्वल होता.

कझाकस्तान आणि त्याचा शेजारी

महासंघबदलाच्या चर्चेत ऑस्ट्रेलियाचेच नाव घेतले जाते. कुमार फुटबॉलपुरते पाहिले तर कझाकस्तानचे उदाहरण अधिक उद्बोधक आहे. आशियात असताना कझाकस्तानचा युवा संघ १९९९ मध्ये नायजेरियातील २० वर्षांखालील विश्वचषकात खेळला होता. २००२ मध्ये देश युरोपात गेला. त्यानंतरच्या दोन दशकांत १७ किंवा २० वर्षांखालील विश्वचषकात तो पुन्हा दिसला नाही. वरिष्ठ संघाने अलीकडे प्रगती केली आहे. २०२३ मध्ये त्याने डेन्मार्कला हरवले आणि २०२४ च्या युरो स्पर्धेच्या तो बराच जवळ पोहोचला. पण तिथवर यायला वीस वर्षे लागली.

शेजारचा उझबेकिस्तान मात्र आशियातच राहिला. २०१२ आणि २०२५ मध्ये कुमार गटाचे, २०१८ मध्ये २३ वर्षांखालील आणि २०२३ मध्ये २० वर्षांखालील गटाचे आशियाई विजेतेपद त्याने मिळवले. २०२४ मध्ये तो प्रथमच ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये उतरला आणि जून २०२५ मध्ये वरिष्ठ विश्वचषकासाठी प्रथमच पात्र ठरला. दोन देशांच्या फुटबॉलमधील फरक केवळ महासंघाचा नाही. उझबेकिस्तानने प्रशिक्षण केंद्रांवर आणि वयोगट संघांवर सातत्याने भर दिला. तरीही एक गोष्ट उघड आहे. आपल्यापेक्षा थोडा वरचढ प्रतिस्पर्धी मुलांना घडवतो, फार वरचढ प्रतिस्पर्धी पात्रतेच्या पहिल्याच फेरीत घरी पाठवतो. युरोपात कझाकस्तानच्या मुलांच्या वाट्याला दुसरा प्रकार आला. न्यूझीलंडसाठी आशिया यांपैकी कोणत्या प्रकारचा ठरेल? पश्चिम आशिया किंवा आग्नेय आशियातील मध्यम संघांशी त्याची बरोबरी होऊ शकेल. जपान, दोन्ही कोरिया, सौदी अरेबिया, इराण, उझबेकिस्तान आणि ऑस्ट्रेलिया यांच्या पंक्तीत तो नियमाने बसेल, असे मानायला आधार नाही.

बदललेले गणित

२००६ मध्ये ऑस्ट्रेलियाने निर्णय घेतला तेव्हाचे गणित आता राहिलेले नाही. त्या वेळी ओशनियाला वरिष्ठ विश्वचषकात थेट जागा नव्हती. न्यूझीलंडनेही त्याचे चटके सोसले. २००९ मध्ये बहारीनला हरवून तो दक्षिण आफ्रिकेला गेला, पण पुढच्या तीन वेळा मेक्सिको, पेरू आणि कोस्टारिका यांच्याविरुद्धच्या निर्णायक लढतींत अडखळला. ४८ संघांच्या विश्वचषकात ओशनियाला थेट जागा मिळाली आणि २४ मार्च २०२५ रोजी ऑकलंडच्या ईडन पार्कवर न्यू कॅलेडोनियाला ३-० असे नमवून न्यूझीलंडने ती घेतली. १७ वर्षांखालील विश्वचषकही २०२५ पासून दरवर्षी आणि ४८ संघांचा झाला. त्यात ओशनियाला तीन जागा आहेत. आशियाच्याही जागा दुपटीने वाढल्या, पण त्या ४७ संघटनांत वाटायच्या आहेत.

पैशाचा विचार वेगळा. आशियातील पात्रता म्हणजे ताश्कंद, रियाध, दोहा येथील प्रवास. ऑकलंडहून दोह्याचे विमान सोळा-सतरा तास घेते. फिजी किंवा सामोआ तीन-चार तासांवर आहे. रग्बीप्रधान देशातील फुटबॉल संघटनेने कुमार, युवा, ऑलिम्पिक आणि मुलींचे दोन असे पाच संघ या प्रवासावर पाठवायचे तर तो पैसा प्रशिक्षकांच्या पगारातूनच कमी होणार.

बेटांचे काय, हा प्रश्न न्यूझीलंडमधील चर्चेत शेवटी येतो, तो खरे तर आधी यायला हवा. ओशनिया महासंघाचे मुख्यालय ऑकलंडमध्ये आहे. न्यूझीलंडही गेला तर उरलेल्या दहा देशांच्या महासंघाला वरिष्ठ विश्वचषकाची थेट जागा फिफा किती काळ ठेवील, याची शंकाच आहे. सॉलोमन बेटे, वानुआतू, फिजी यांच्या मुलांना ऑकलंडचा संघ हाच सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी आणि मोजपट्टी आहे. त्यांच्यासाठी न्यूझीलंड तेच आहे, जे न्यूझीलंडला आशियात हवे आहे.

आणि आशियाला तरी न्यूझीलंड हवा आहे काय? ऑस्ट्रेलिया आला तेव्हा आशियाच्या विश्वचषकातील जागा वाढल्या नाहीत, वाटेकरी मात्र एक वाढला. त्याबद्दलची पश्चिम आशियातील नाराजी २०१५ च्या सुमारास जाहीरपणे व्यक्तही झाली. आणखी एक वाटेकरी घेण्यास ते उत्सुक असतील, असे मानणे भाबडेपणाचे आहे.

प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते, कुमार आणि युवा खेळाडूंच्या हितासाठी महासंघ बदलावा ही मागणी टिकत नाही. वरिष्ठ संघाला नियमित तोलाचे सामने मिळावेत किंवा ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये खेळणाऱ्या वेलिंग्टन फिनिक्सला आशियाई चॅम्पियन्स लीगचे दार उघडावे, म्हणून कुणी आशियाची वाट धरू म्हणेल तर तो निराळा आणि प्रामाणिक वाद आहे. मुलांचे नाव पुढे करण्याचे कारण नाही.

मुलांना हवे आहेत ते अवघड सामने, आणि त्यांसाठी सदस्यत्व बदलावे लागत नाही. जपान आशियाचा सदस्य राहूनच १९९९ आणि २०१९ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या कोपा अमेरिका स्पर्धेत पाहुणा म्हणून खेळला. कतारही २०१९ मध्ये तेथे होता आणि २०२१ मध्ये उत्तर अमेरिकेच्या गोल्ड कप स्पर्धेत उतरला. वरिष्ठ संघांना जे जमले ते १६ वर्षांच्या मुलांच्या संघांना अशक्य का असावे? आग्नेय आशियाच्या वयोगट स्पर्धांत न्यूझीलंडने पाहुणा म्हणून जावे, विश्वचषकाच्या वर्षात जपान किंवा कोरियात महिनाभर तळ ठोकावा, ऑस्ट्रेलियाच्या राज्य लीगमध्ये आपला युवा संघ उतरवण्याची परवानगी मागावी. ओशनियाच्या नव्या व्यावसायिक लीगमुळे बेटांवरील क्लबही हळूहळू तगडे होतील, अशी अपेक्षा आहे. यांपैकी कशासाठीही महासंघ बदलावा लागत नाही. निधी आणि चिकाटी मात्र लागेल, आणि महासंघबदलाच्या घोषणेइतकी प्रसिद्धी त्यातून मिळणार नाही.

एप्रिल २०२५ मध्ये सौदी अरेबियात १७ वर्षांखालील आशिया चषक झाला. ऑस्ट्रेलियाच्या मुलांनी गटातील शेवटच्या सामन्यात जपानला हरवले. तरीही गटात तिसरे स्थान आल्याने विश्वचषकाची वाट त्यांना बंद झाली. नोव्हेंबरमध्ये कतारला विश्वचषक सुरू झाला, तेव्हा ओशनियातून न्यूझीलंड, फिजी आणि न्यू कॅलेडोनिया असे तीन संघ तेथे पोहोचले होते. जपानला हरवणारी ती मुले पुढच्या स्पर्धेपर्यंत त्या वयोगटातून बाहेर पडणार होती.